कोरल मिटलं की "नायट्रेट झिरो करा" म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

घरी समुद्री माशांची आणि कोरलची (प्रवाळांची) खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्यांमध्ये गेले काही दिवस एक मेसेज सगळीकडे फिरतोय. कोरल मिटलं, रंग उडाला की समजा पाणी घाण झालंय, मग नायट्रेट-फॉस्फेट (माशांच्या खाण्या-विष्ठेतून पाण्यात साठणारे क्षार) झिरो करा, निम्मं पाणी बदला, आरओचं पाणी वापरा नाहीतर सरळ समुद्राचं आणा, लाईट फुल करा, आयोडीन टाका आणि तरी नाही उघडलं तर कोरल बसलेले दगड उकळत्या पाण्यात घालून नव्याने सुरुवात करा. माझी ठाण्यात 150 लिटरची टाकी आहे, झोआ, मशरूम आणि लेदर ही मऊ कोरल एवढंच (दगडी कोरल 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये आहेत, ते घरात नकोच), आणि यातल्या दोन चुका मी स्वतः करून बसलोय म्हणून सविस्तर लिहितो.

झिरो करा हा सल्ला सगळ्यात जास्त कोरल मारतो असं माझं स्पष्ट मत आहे. कोरलच्या अंगात जे सूक्ष्म शैवाल राहतं तेच त्याला बहुतेक अन्न पुरवतं आणि त्या शैवालाला नायट्रोजन, फॉस्फरस लागतोच. समुद्रात हे दोन्ही जवळपास नसतं हे खरंय, पण तिथे प्लँक्टन अखंड वाहत येत असतो, आपल्या काचेच्या पेटीत कुठून येणार? मी फॉस्फेट काढायला जीएफओ (लोहाच्या ऑक्साईडचे दाणे) भरून लावलं, टेस्ट किटची बाटली अगदी पांढरी यायला लागली आणि मी खूश. तीन आठवड्यांत झोआ फिके पडले, एकेक पॉलिप (झोआचं फुलासारखं तोंड) मिटून मोहरीएवढा, आणि वाळूवर तपकिरी शेंबडासारखे धागे, टोकाला हवेचे बुडबुडे, रात्री कमी दिसायचे की सकाळी लाईट लागल्यावर परत. ते डायनो, म्हणजे डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्म जीव. पाणी उपाशी पडलं की हेच माजतात. जीएफओ काढलं, माशांना खाणं वाढवलं, नायट्रेट 5 आणि फॉस्फेट 0.05 पीपीएमच्या (लिटरला मिलिग्रॅम) आसपास आणून तिथेच ठेवलं, दीड महिना लागला पण झोआ उघडले. नायट्रेट 50-60 वर गेलं असेल तर खाली आणाच, पण हळूहळू आणि झिरोपर्यंत नाही.

आरओचं पाणी. बरोबर आहे, पण कुठलं आरओ? आपल्या किचनमधल्या मशीनमध्ये टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो, तो चव यावी म्हणून थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळतो, वर मिनरलचं कार्ट्रिज. माझ्या आरओच्या नळाला टीडीएस मीटर लावला तर 68. आणि आता तांबं घालणारे आरओ आलेत, ते पाणी तर टाकीजवळही नेऊ नका, तांबं कोरल, कोळंबी, गोगलगाय सगळ्यांना विष आहे. आरओनंतर डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारे दाणे) लावा, मीटरवर 0 यायला हवा.

निम्मं पाणी बदलण्याआधी खारेपणा मोजलात का? मोजणारं यंत्र तरी खरं बोलतंय का? माझा रिफ्रॅक्टोमीटर (खारेपणा मोजायचं यंत्र) 35, म्हणजे हजार भागांत 35 भाग मीठ दाखवत होता, 35 चं कॅलिब्रेशन फ्लुइड टाकलं तर वाचन आलं 32, म्हणजे टाकी प्रत्यक्षात 38 वर होती आणि मी महिनाभर दुसरीच कारणं शोधत होतो. शिवाय टाकीचा केएच (पाण्याची आम्ल झेलण्याची ताकद) 7.5 आणि नवीन मिठाच्या पाण्याचा 11 असेल तर निम्म्या बदलात एका झटक्यात पावणेदोनाची उडी, आधीच आजारी कोरलला ती झेपत नाही. आठवड्याला 10 टक्के बास. आणि जुहू-गिरगावचं पाणी आणणाऱ्यांना हात जोडून सांगतो, त्यात सांडपाणी असतं, पावसाळ्यात तर खारेपणाचाही भरवसा नाही.

लाईट फुल करू नका. कोरल तपकिरी पडलं तर लाईट कमी किंवा पोषण जास्त असू शकतं, पण फिकं-पांढरं पडलं तर बहुतेकदा उलटं, लाईट जास्त, पाणी उपाशी किंवा गरम. एप्रिल-मेमध्ये दुपारी थर्मामीटर बघा, 29-30 असेल तर आधी पंखा लावा. लाईट वाढवायचाच तर आठवड्याला 5 टक्के. एक गोष्ट मेसेजमध्ये नाहीच, रात्री टाकीचा लाईट बंद झाल्यावर दोन तासांनी टॉर्च मारून बघा, झोआ खाणाऱ्या बारक्या न्युडीब्रँक (बिनशंखाच्या समुद्री गोगलगायी) असतात, खाल्लेल्या झोआचाच रंग घेतात म्हणून दिवसा दिसत नाहीत.

आयोडीन मोजायचं किट नसेल तर टाकू नका, एवढंच.

आणि उकळतं पाणी, ज्याच्यासाठी मुळात लिहायला बसलो. काही झोआ आणि त्यांच्याच जातकुळीतल्या पॅलिथोआमध्ये पॅलीटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं, दगड उकळला किंवा घासला की ते वाफेतून-तुषारांतून श्वासात जातं, त्यावर उतारा नाही. 2018 मध्ये इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायरच्या स्टीव्हन्टनला टाकीतलं कोरल बाहेर काढून साफ करताना अख्खं कुटुंब हॉस्पिटलमध्ये गेलं, मदतीला आलेले फायर ब्रिगेडवालेसुद्धा. दगडावरून झोआ काढायचेच असतील तर पाण्याखाली, हातमोजे आणि चष्मा घालून, पोरं आणि कुत्रं-मांजर दुसऱ्या खोलीत, खिडक्या उघड्या. नंतर तोंडात कडू-धातूसारखी चव आली, थंडी-ताप किंवा धाप लागली तर थेट दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना "पॅलीटॉक्सिन" हा शब्द सांगा.