कुलमुखत्यारपत्र नेमकं गरजेच्या दिवशी संपतं

चार वर्षांपूर्वी बाबांनी मला कुलमुखत्यारपत्र, म्हणजे त्यांच्या वतीने व्यवहार करायचा लेखी अधिकार, करून दिलं. दुय्यम निबंधक कार्यालयात फोटो, अंगठे, दोन साक्षीदार, सगळं रीतसर. जिना उतरताना म्हणाले, "उद्या मला काही झालं तरी तुझं अडायला नको." आम्ही दोघंही त्याच समजुतीत राहिलो.

गेल्या वर्षी त्यांना पक्षाघात झाला. डोळे उघडले, पण ओळख गेली. दवाखान्याच्या बिलासाठी त्यांची ठेव मोडायची म्हणून कागद घेऊन बँकेत गेले. तिथल्या बाईंनी विचारलं, "ते शुद्धीवर आहेत ना?" मी खरं ते सांगितलं. "मग ताई, हा कागद आता चालत नाही."

मी त्यांच्यावर चिडले. चूक माझी होती. भारतीय करार कायदा, १८७२, कलम २०१ : मुखत्यार नेमणारा वारला किंवा त्याचं मानसिक भान गेलं, की मुखत्यारी संपली. मालकालाच जे करता येत नाही ते त्याच्या वतीने दुसरा कसा करणार, हा त्यामागचा विचार. अडत्या-व्यापाऱ्याच्या व्यवहारात तो पटतो. अंथरुणाला खिळलेल्या बापाच्या बाबतीत मला तो क्रूर वाटतो.

इंग्लंडमध्ये माणूस शहाणा-सवरता असतानाच असा अधिकार लिहून ठेवू शकतो, जो भान गेल्यावरही चालतो. त्याची सरकारदरबारी नोंद होते, मुखत्याराविरुद्ध तक्रारही करता येते. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे आपल्या वतीने निर्णय घेणारा माणूस, नेमायची सोय दिली, पण ती मानसिक आजाराच्या उपचारांपुरती. पैशाअडक्यासाठी आम्हाला उच्च न्यायालयातून पालक नेमून घ्यावा लागला. वैद्यकीय अहवाल, भावाची ना-हरकत, तारखा. पाच महिने गेले. तोवर बाबांच्या उपचारांना बाबांचेच पैसे लागू शकले नाहीत.

गैरवापर होईल, असं म्हणतात. होईलही, जमिनीपायी सख्खे भाऊ काय करतात ते गावोगाव दिसतं. म्हणून दरवर्षी हिशेब मागा, दोन मुखत्यार नेमायला लावा. पण माणसाने शुद्धीत असताना ठेवलेला विश्वास त्याची शुद्ध गेली म्हणून रद्द करू नका. कायद्यात ही दुरुस्ती व्हायलाच हवी.

तोवर घरातल्या मोठ्यांची बचत खाती 'दोघांपैकी कोणीही' या पद्धतीने संयुक्त करून घ्या. आईच्या खात्यावर गेल्याच आठवड्यात माझं नाव लागलं. फ्लॅट मात्र अजून तिच्या एकटीच्या नावावर आहे, आणि त्याचं काय करायचं हे आम्हाला अजून सुचलेलं नाही.