मोठी लेन्स, घरटं, मांसाचा तुकडा: यातलं काहीच लागत नाही

थंडी पडली की आमच्या व्हॉट्सॲप गटांत तोच मजकूर फिरू लागतो: ‘शिकारी पक्ष्यांचे फोटो हे हौशी माणसाचं काम नाही. सहाशे मिलिमीटरची लेन्स घ्या, नाहीतर घरटं गाठा, नाहीतर मांस टाकून पक्षी जवळ आणा. मराठवाड्यात तसंही काही नाही, राजस्थानात भरतपूरच्या पक्षी अभयारण्यात जा.’ यातलं एकही वाक्य मला पटत नाही. घरट्याचा आणि मांसाचा हे दोन सल्ले तर पक्ष्यांच्या जिवावर उठणारे आहेत.

लेन्सचं आधी बघू. मोठी लेन्स उपयोगाची असते, यात वाद नाही. पण फेब्रुवारीत दहा वाजले की काळं रान तापतं, झळा उठतात आणि लांबचा पक्षी कितीही महागड्या लेन्समधून हलत्या पाण्यातून बघितल्यासारखा दिसतो. अंतर कमी होतं ते पक्ष्याची सवय ओळखल्यानं. कापशी घार हरभऱ्याच्या रानावर हवेत एका जागी पंख मारत थांबते, तेव्हा तिचं तोंड वाऱ्याकडे असतं. हिवाळ्यात आपल्याकडे सकाळचा वारा बहुतेक वेळा पूर्वेचा. म्हणजे रानाच्या पूर्वेच्या बांधावर बसलं की ऊन पाठीशी, वारा पाठीशी आणि घार समोरून. जालन्याजवळच्या एका आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या खोपटापाशी, मी तीनशेची जुनी लेन्स घेऊन सलग चार सकाळी असाच बसलो. चौथ्या दिवशी ती वीसेक पावलांवरच्या खांबावर उतरली. शेपटी दोनदा झटक्यानं वर उचलली, मान वाकवून तुरीच्या बुडाशी बघितलं. डोळा कुंकवासारखा लाल. ती उडाली तेव्हा शटरचा वेग सेकंदाच्या दोन हजाराव्या भागावर होता आणि पंखाचं पीस न् पीस स्पष्ट आलं.

घरट्याचा सल्ला वाचून मात्र राग येतो. शृंगी घुबड आपल्याकडे नदीच्या दरडीत, जुन्या खदानीत उघड्या कपारीवर अंडी घालतं. मादी उठली की अंडी, पिल्लं उन्हात उघडी पडतात, कावळे टपलेलेच असतात. आपण तुडवलेल्या वाटेनं कुत्रीही पोचतात. त्यात जागेच्या खुणेसह फोटो टाकला, तर अंधश्रद्धेपायी घुबडं पकडणाऱ्यांना आपणच पत्ता दिला. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात पक्ष्यांच्या घरट्यांना आणि अंड्यांना त्रास देणंही येतं. हे त्या मजकुरात कोणी लिहीत नाही.

मांस टाकलं तर पक्ष्याचं पोटच भरतं, असंही सांगतात. पण रस्त्याकडेला टाकलेल्या तुकड्यासाठी पक्षी गाड्यांसमोर उतरायला शिकतो. आणि त्या मांसात कोणतं औषध आहे, हे टाकणाऱ्याला तरी कुठे माहीत असतं? डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक दिलेल्या जनावरांचं मांस खाऊन गिधाडं संपत आली, तेव्हा कुठे २००६मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. शेतात विष खाऊन मेलेला उंदीर उचलून टाकणं तर त्याहून वाईट.

राहिलं भरतपूर. पैठणच्या नाथसागराला, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाला, १९८६मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. हिवाळ्यात तिथे पाय पुढे करून पाण्यात झेपावणारा ऑस्प्रे हा मासेखाऊ शिकारी पक्षी दिसतो, काठच्या पाणगवतावरून दलदली भोवत्या हा दुसरा शिकारी पक्षी खालून खालून फिरतो. गवताळ माळांवर मध्य आशियातून आलेले पांढुरके भोवत्ये उतरतात. संध्याकाळी ते गवतातच जमिनीवर मुक्काम करतात, तेव्हा गाडी रस्त्यावरच ठेवा, माळात घालू नका. सकाळी ते उठतील तेव्हा ऊन कोवळं असतं आणि झळाही नसतात.