गाडीच्या विम्यात सातशे रुपये वाचवण्याची विद्या

विमा कंपनीचा पहिला मेसेज मुदत संपायच्या महिनाभर आधी येतो. तो उघडायचा नाही. ठाण्यात गाडी बाळगणारा माणूस इतक्या लवकर पैसे भरत नसतो. दुसरा, तिसरा मेसेज येऊ द्या, एजंटकाकांचे फोन "मीटिंगमध्ये आहे" म्हणून कापा आणि शेवटच्या रात्री जेवणं आटोपल्यावर चार वेबसाइट चार टॅबमध्ये उघडून बसा. बघायचं एकच, सगळ्यात कमी आकडा कोणता. त्या आकड्यात काय काय येतं हे वाचणारी माणसं वेगळी. ती घोडबंदर रोडला राहायलाही जात नाहीत.

आता घासाघीस. प्रीमियमचे दोन मुख्य भाग असतात. एक थर्ड पार्टीचा, म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं तर त्याचा. दुसरा ओन डॅमेजचा, म्हणजे तुमच्या स्वतःच्या गाडीचा. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं. १००० ते १५०० सीसीच्या खासगी गाडीला जून २०२२ मध्ये तो ३,४१६ रुपये ठरला, आणि कंपनी कुठलीही घेतली तरी तो तोच. म्हणून घासाघीस नेमकी इथेच करायची. "बाजूच्या बिल्डिंगमधल्यांना कमीत मिळालं" असं ठणकावून सांगायचं. एजंटकाका गप्प बसतील. तो तुमचा विजय समजा. वर १८ टक्के जीएसटी आहे, तोही "बघा ना काही होतं का" म्हणून विचारायला हरकत नाही.

ओन डॅमेजमध्ये मात्र खरंच कमी-जास्त करता येतं, आणि हुशारीला वाव तिथेच आहे. वेबसाइटवर आयडीव्ही नावाची एक पट्टी असते. गाडी चोरीला गेली किंवा पार चेपली तर कंपनी जास्तीत जास्त किती देईल, तो हा आकडा. पट्टी डावीकडे सरकवली की प्रीमियम उतरतो. सरकवा. पाच लाखांची गाडी चार लाखांची करून टाका, काही शे रुपये सुटतात. गाडी उद्या वागळे इस्टेटमधून गायब झाली, तर लाखभर रुपये कमी मिळतील. पण ते उद्याचं. शिवाय दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस धरतात. म्हणजे आयडीव्ही जितकी खाली, तितकी तुमची चालती-बोलती गाडी लवकर भंगारात जमा.

मग ॲड-ऑन, म्हणजे थोडे जादा पैसे भरून घ्यायचं वरचं संरक्षण. झिरो डेपवरची, म्हणजे क्लेममधून घसारा न कापण्याच्या सोयीवरची, खूण काढा. इंजिन प्रोटेक्टवरची तर आधी काढा, आपण काय समुद्रात गाडी घालतो? जुलैमध्ये वंदना टॉकीजसमोर गुडघाभर पाण्यात गाडी बंद पडली की स्टार्टर मारत राहायचं. मागचे हॉर्न वाजवत असतात, दुसरं करणार काय. इंजिनात पाणी शिरून कनेक्टिंग रॉड वाकला की साध्या पॉलिसीत "हे तुम्ही स्टार्ट केल्यामुळे झालं" असं उत्तर मिळण्याची शक्यता दांडगी. नवी मुंबईकरांनी तर हे ॲड-ऑन घेऊच नये. भरतीच्या पातळीखालच्या जमिनीवर सिडकोने धारण तलाव खोदून शहर उभं केलं आहे, आता पाण्याला घाबरायचं म्हणजे सिडकोवर अविश्वास दाखवण्यासारखं.

आता मुख्य विषयाकडे येऊ. तुमच्याकडे एक अशी गोष्ट आहे, जी काहीही न केल्याबद्दल मिळते. वर्षभर क्लेम केला नाही की पुढच्या वर्षी ओन डॅमेजच्या प्रीमियमवर २० टक्के सूट, ओळीने दुसऱ्या वर्षी २५, मग ३५, मग ४५ आणि पाच वर्षं झाली की ५०. याला नो क्लेम बोनस म्हणतात. पाच वर्षं काहीही न करता बसणं मराठी माणसाला जड जात नाही, तरी हा बोनस टिकवणारे कमी. कारण मध्ये कधीतरी बंपर येतो.

समजा तुमची सूट ५० टक्क्यांवर पोचली आहे आणि ओन डॅमेजचा मूळ प्रीमियम १२,००० आहे. म्हणजे तुम्ही ६,००० भरता. तीन हात नाक्यावर मागून रिक्षा घासते, रिक्षावाला तुम्हालाच चार शब्द सुनावून निघून जातो, बंपर फुटतो. खर्च ४,००० रुपये. अशा वेळी खिशातून पैसे काढणं हा विम्याचा अपमान आहे, "इतकी वर्षं भरतोय कशाला मग?" हा प्रश्न सोसायटीच्या गेटवर उभं राहून मोठ्याने विचारा आणि क्लेम टाका. प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो (झिरो डेप तुम्ही आत्ताच काढलं), राहिले २,०००. त्यातून क्लेममागे सक्तीने स्वतः सोसायचे १,००० तुमचे. हातात आले १,०००. सर्व्हेअरला दाखवण्यासाठी घेतलेली अर्ध्या दिवसाची रजा, गॅरेजच्या खेपा आणि तिथला चहा यात धरलेला नाही.

पुढच्या वर्षी सूट शून्य. १२,००० भरा. त्याच्या पुढच्या वर्षी २० टक्के, मग २५, ३५, ४५, आणि पुन्हा ५०. जी सूट मिळाली असती आणि जी मिळाली यातला फरक वर्षावर्षाने मांडा: ५०, ३०, २५, १५, ५. बेरीज १२५ टक्के. मूळ प्रीमियम तेवढाच राहिला असं धरलं तर १५,००० रुपये, वर जीएसटी. हजार रुपयांसाठी. हे गणित क्लेमच्या आधी करायला पाचवीच्या मुलाला पाच मिनिटं लागतात, म्हणून ते क्लेमनंतर करावं.

व्हॉलंटरी डिडक्टिबल नावाचा एक प्रकार आहे. २,५०० रुपयांपर्यंतचा भार आपण स्वतः उचलायचं कबूल केलं तर जुन्या ठरावीक दरपत्रकापासून चालत आलेली सूट जास्तीत जास्त ७५० रुपये मिळते. छोटे क्लेम करायचेच नसतील, तर हे सातशे-साडेसातशे खरोखर वाचतात. यात गंमत काही नाही, तेव्हा पुढे जाऊ.

क्लेम तर घेऊन झाला, सूट गेली. निराश होऊ नका. कंपनी बदला. नव्या वेबसाइटवर प्रश्न येतो, "मागच्या वर्षी क्लेम घेतला होता का?" आणि "नाही" वर बोट आपोआप जातं. त्याखाली एक बारीक अक्षरांतली घोषणा असते: मी सांगितलेला बोनस खरा आहे, खोटा निघाला तर माझ्या गाडीच्या नुकसानीचे सगळे लाभ जप्त. आजवर ती कुणीही शेवटपर्यंत वाचलेली नाही, तुम्हीच कशाला सुरुवात करता? कंपन्या एकमेकींना विचारून खात्री करतात, क्लेमच्या नोंदी एकत्रही ठेवल्या जातात. विकताना खात्री करायची राहून गेली, तरी क्लेमच्या वेळी करायला त्यांच्याकडे वेळच वेळ असतो. तेव्हा "विकताना का नाही पाहिलंत?" असं तावातावाने विचारा. सही तुमची आहे हे ते शांतपणे दाखवतील.

ज्यांनी खरोखरच पाच वर्षं क्लेम केला नाही, त्यांची परीक्षा वेगळी. त्यांना न घडलेली गोष्ट सिद्ध करायची असते. जुनी पॉलिसी, त्यावर छापलेला बोनसचा टक्का, नाहीतर जुन्या कंपनीचं पत्र. जुनी पॉलिसी आधीच्या मोबाईलमध्ये होती, मोबाईल मेहुण्याला दिला, त्याने तो फॉरमॅट केला. ईमेलमध्ये शोधली तर शंभर ऑफर सापडतात, पॉलिसी सापडत नाही. प्रामाणिक माणसाला हे भोगावंच लागतं. घरात फाईल ठेवण्याची सवय आईवडिलांच्या पिढीबरोबर गेली, ती परत आणण्याच्या फंदात पडू नका.

यापेक्षा सोपा मार्ग म्हणजे मुदत जाऊ देणे. गणपतीत खर्च फार झाला, दिवाळीनंतर बघू. पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांत नवी घेतली तर बोनस शाबूत राहतो, एक्याण्णवाव्या दिवशी पाचही वर्षं पुसली जातात. म्हणून कॅलेंडरवर खूण करा आणि ती खूण असलेला महिना उलटून टाका. मधल्या काळात गाडी विम्याविनाच धावत असते. वाहतूक पोलिसांनी धरलं तर पहिल्यांदा २,००० रुपये दंड, पुन्हा धरलं तर ४,०००, आणि कायद्यात तीन महिन्यांपर्यंत कैदेचीही सोय आहे. कुणाला धडक दिलीत तर भरपाई तुमच्या खिशातून.

बाहेरून सीएनजी किट बसवलं असेल तर ते आरसी बुकावर चढवू नका, पॉलिसीत तर मुळीच नाही. किटच्या किमतीच्या चार टक्के प्रीमियम वाढतो.

आणि गाडी विकताना घेणाऱ्याला म्हणा, "विमा आहेच, वर्षभर चिंता नको." तो खूश होईल. बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. विक्रीचे कागद दाखवून कंपनीकडून पत्र घेतलं तर तीन वर्षांत घेतलेल्या नव्या गाडीला तोच ५० टक्के लागू होतो. नव्या गाडीचा प्रीमियम जुन्यापेक्षा मोठा, म्हणजे सूटही मोठी. हे शोरूमवाला आपणहून सांगेल याची वाट पाहा. तो तुम्हाला फुकटात मॅट आणि गणपतीची मूर्ती देईल.

एक तरतूद मात्र हळवी आहे. मालक गेला आणि गाडी पत्नीकडे किंवा मुलांकडे आली, तर बोनसही त्यांच्याकडे जाऊ शकतो. गावच्या जमिनीवरून भावकीत वीस वर्षं तारखा पडतात, त्या घराण्यात हे एक तरी बिनभांडणाचं वारसदारांना मिळावं असं कुणालाही वाटेल. फक्त त्यासाठी तो आधी शिल्लक असावा लागतो, आणि तुम्ही तर तो तीन हात नाक्यावर हजार रुपयांना विकून बसलात.