टोयोटा येतेय, पण माल कुणाकडून घेणार?

बिडकीनला टोयोटा येणार म्हटल्यापासून आपल्या संभाजीनगरात आकड्यांना ऊत आलाय. ३१ जुलै २०२४ चा सामंजस्य करार, सुमारे २० हजार कोटी. त्याच्या आगेमागे इलेक्ट्रिक स्कूटरवाली एथर, इलेक्ट्रिक गाड्यांसाठी जेएसडब्ल्यू, रसायनांची लुब्रिझॉल. आनंद मलाही आहे. फक्त ‘बिडकीनला एन.ए. प्लॉट घ्या’ म्हणून रोज फोन करणाऱ्यांनी आता थोडा दम खावा.

माझा प्रश्न साधा आहे. हे लोक माल कुणाकडून घेणार?

१९८५ ला बजाज वाळूजला आली तेव्हा तिच्या अवतीभवती व्हेंडर, म्हणजे सुटे भाग पुरवणारे, उभे राहिले. अनुरंग जैन यांची एन्ड्युरन्स त्याच वर्षी इथेच सुरू झाली. बजाजला कास्टिंग (ओतीव भाग) पुरवता पुरवता ती वाढली, २०१६ ला शेअर बाजारात गेली आणि आज तिचे कारखाने इटलीतही आहेत. अशा मोठ्या व्हेंडरच्या हाताखाली मशीनिंगवाले, प्रेस शॉपवाले, प्लेटिंगवाले जगले. इंडो-जर्मन टूल रूममधून शिकून निघालेल्या पोरांना गावातच काम मिळालं. शहर मोठं झालं ते यामुळे. (२०१० ला आपण एकदम दीडशे मर्सिडीज घेतल्या त्याची बातमी मात्र देशभर गेली!)

आता शेंद्रा बघा. २००१ ला स्कोडा आली, पाठोपाठ ऑडीही तिथेच जुळू लागली. पण बरेचसे भाग बाहेरून यायचे आणि इथे जोडले जायचे. त्याच फोक्सवॅगन समूहाने पुढे मोठा कारखाना टाकला, २००९ ला सुरूही केला, तो चाकणला. घरचा कारखाना शेंद्र्यात असताना! चाकणच्या आसपास पुरवठादारांचं जाळं आधीच होतं, माझ्या मते हेच मोठं कारण. नाव मोठं आलं म्हणून जाळं आपोआप विणलं जात नाही.

या खेपेला पेच आणखी अवघड आहे. बिडकीनला येतायत त्यातल्या बऱ्याच गाड्या इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड. वाळूजच्या कितीतरी शेडमध्ये आजही इंजिन आणि गिअरबॉक्सचे भाग निघतात. इलेक्ट्रिक गाडीला यातलं बरंच काही लागतच नाही. बॅटरीचं केसिंग, मोटरचं हाउसिंग करायचं तर नव्या डाय (साचे), नवी तपासणी यंत्रं, त्यासाठी कर्ज. आणि आधीचीच बिलं ४५ दिवसांत देण्याचा कायदा असूनही शंभर-सव्वाशे दिवस लटकलेली असली, तर छोटा माणूस कुठल्या जोरावर कर्ज काढणार?

ऑरिक, म्हणजे शेंद्रा-बिडकीनची ही नियोजित औद्योगिक नगरी, तिच्याबद्दल तक्रार नाही. जवळपास दहा हजार एकर, जमिनीखालून केबल आणि पाइप, रुंद रस्ते, समृद्धी महामार्ग हाताशी. कोरियाची ह्योसंग शेंद्र्यात आली ती हे बघूनच. पण ऑरिकच्या कमानीबाहेर जे शहर आहे तिथे नळाला आठवड्याने पाणी येण्याची सवय लोकांना लागलीय. जायकवाडीवरून नवी पाणीयोजना २०१९ ला १६८० कोटींची ठरली, ती २७०० कोटींच्या पुढे गेली. ही जलवाहिनी पैठण रस्त्याने, म्हणजे बिडकीनवरूनच येते. बाहेरून आलेला मॅनेजर कामाला बिडकीनला येईल, पण बायकामुलांना पुण्यातच ठेवेल. मग त्याचा पगार खर्च होणार कुठे?

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. मोठ्या प्रकल्पांना राज्य जीएसटी परताव्यासारख्या सवलती देतं, त्यातला एक हिस्सा मराठवाड्यातून होणाऱ्या खरेदीला जोडावा. टोयोटाच्या दर्जाला उतरणं सोपं नाही, हे मान्य. पण त्यासाठी दोन वर्षं आधी ड्रॉइंग आणि अपेक्षा हातात पडायला हव्यात. उद्घाटनाच्या दिवशी नारळ फोडायला बोलावून काय उपयोग?

वाळूज, चिकलठाण्यातल्या कुणाला यातल्या एखाद्या कंपनीच्या खरेदी विभागाकडून विचारणा आली असेल तर खाली सांगा. कुठला भाग, किती नग, पेमेंट किती दिवसांचं, जेवढं सांगता येईल तेवढं.