'सह्या गोळा करायच्या' : एका प्रतिक्रियेला उत्तर

नर्सेसच्या युनियनमध्ये सभासद कसे करावेत आणि वॉर्डाची प्रतिनिधी कशी ठरावी, या लेखावर कोथरूडच्या एका वाचकांची प्रतिक्रिया आली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: नोंदणीची अट मी अर्धवट दिली; बाहेरचा पुढारी असल्याशिवाय खासगी रुग्णालयात काही हलत नाही; आणि पुढे, "बाई, घरी बसून लिहिणं सोपं आहे. ड्युटी सुटताना गेटवर उभं राहायचं, सह्या गोळा करायच्या, झाले सभासद. त्याला एवढं पुराण कशाला?"

पहिला मुद्दा मान्य. सात जणांच्या अर्जावर युनियनची नोंदणी होते एवढंच मी लिहिलं होतं. त्यासोबत एकूण कामगारांच्या 10 टक्के किंवा 100, यातला जो आकडा कमी तेवढे सभासद लागतात, हे राहून गेलं. चूक माझी.

पण 'घरी बसून' हे तुम्ही कशावरून ठरवलंत? चोवीस वर्षं मी स्टाफ नर्स होते, त्यातली बरीचशी नाइटला. ओळख ना पाळख, आणि सुरुवातच 'बाई'ने! असं बोलणाऱ्याला वॉर्डातली एकही मुलगी दुसऱ्यांदा भेटणार नाही.

आता गेटचं. सभासद करायला गेटइतकी वाईट जागा नाही. तिथे कॅमेरा असतो, सिक्युरिटी असते. बारा तासांची नाइट करून सकाळी आठला सुटलेली मुलगी हॅंडओव्हरमुळे, म्हणजे पुढच्या पाळीला पेशंट सोपवण्यात, पावणेनऊला बाहेर पडते आणि स्वारगेटची बस धरायला पळते. तुमच्या हातातला कागद ती वाचणार कधी? तिथे मिळालेली सही संध्याकाळपर्यंत मागे घेतली जाते, कारण 'मेट्रनकडे नाव गेलं' ही बातमी तिच्याआधी हॉस्टेलवर पोचते.

काम सुरू होतं एका वहीपासून. दर वॉर्डाला एक पान: कोण मॉर्निंगला, कोण इव्हनिंगला, कोण नाइटला, कोणाचा बाँड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार) कधी संपतो, कोणाची मूळ प्रमाणपत्रं ऑफिसात अडकली आहेत, आणि तिच्याशी कोणी बोलायचं. हा शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. केरळच्या मुलींशी मल्याळी बोलणारीनेच बोलावं. एजन्सीमार्फत आलेल्यांचं पान वेगळं ठेवावं, कारण कागदोपत्री त्यांचा मालकच वेगळा असतो. मग एका वेळी एकीशीच बोलायचं, रुग्णालयापासून दोन चौक लांबच्या अमृततुल्यात, वीस मिनिटं. त्यातली पंधरा तिला बोलू द्यावं.

पगाराचा विषय पहिल्या भेटीत काढू नये. 2016 साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशावरून नेमलेल्या समितीने 200 हून जास्त खाटांच्या खासगी रुग्णालयात सरकारी नर्सइतका पगार आणि 50 पेक्षा कमी खाटांच्या ठिकाणी किमान 20,000 रुपये सुचवले. ते सगळ्यांना तोंडपाठ आहे, आणि ते हातात पडलं नाही हेही सगळ्यांना माहीत आहे. पहिला विषय महिन्याभरात सुटण्यासारखा हवा: हॅंडओव्हरचा न मोजलेला वेळ, किंवा नाइटनंतर लगेच लावलेली इव्हनिंग. रोज कागदावर तारीख, वॉर्ड, पेशंट किती, नर्सेस किती, सुटायची वेळ, एवढंच लिहायचं. तीन आठवड्यांत तक्रार उभी राहते. पेशंटच्या फाइलचा फोटो मात्र चुकूनही काढू नये. गोपनीयतेचा भंग म्हणून कामावरून काढायला तेवढं निमित्त पुरतं.

नुसती सही म्हणजे सभासदत्व नव्हे. अर्ज, वर्गणी, पावती आणि सभासद रजिस्टरमधली नोंद, हे चारही जुळले तर ती सभासद. पावतीपुस्तकाचा क्रमांक रजिस्टरात नसेल, तर सभासदांच्या मोजणीच्या दिवशी व्यवस्थापनाचा वकील नेमकं तेच नाव खोडायला लावतो. रुग्णालयात एकूण 180 कामगार असतील तर नोंदणीला 18 लागतात. मी म्हणते 30 झाल्याशिवाय जाऊ नका, आणि अर्जावर सह्याही सातऐवजी पंधरा घ्या. अर्ज दिल्यावर सही करणाऱ्यांपैकी निम्म्यापर्यंत गळाल्या तरी अर्ज बाद होत नाही, त्याहून जास्त गळाल्या तर धोका. सातातल्या चौघींना एका दुपारी केबिनमध्ये बोलावणं फार अवघड नसतं. आणि एकाहून जास्त युनियन असताना वाटाघाटीची एकमेव युनियन म्हणून बसायचं तर नव्या औद्योगिक संबंध संहितेत 51 टक्के कामगार सभासद लागतात. ते गेटवर जमत नाहीत.

व्हॉट्सअॅप ग्रुप तर सुरुवातीला काढूच नये. पहिला स्क्रीनशॉट त्याच रात्री सुपरवायझरकडे जातो.

प्रतिनिधी कोण, हे वॉर्डाने आधीच ठरवलेलं असतं. रजा नाकारली की मुली कोणाकडे जातात ते पाहा. बहुतेकदा ती मोठ्याने बोलणारी नसते. इन्चार्ज सिस्टरला प्रतिनिधी करू नये. माणूस म्हणून ती चांगली असेलही, पण रोस्टर, म्हणजे कोणाची ड्युटी कधी ते, तीच लावते. तक्रार तिच्या रोस्टरचीच असली तर मुलींनी जायचं कोणाकडे? निवड झाली की प्रतिनिधीचं नाव 'संरक्षित कामगार' (वादाची सुनावणी चालू असताना परवानगीशिवाय जिला काढता येत नाही अशी) म्हणून व्यवस्थापनाला लेखी कळवावं आणि पोच घ्यावी. अशांची संख्या कामगारांच्या 1 टक्का, पण कमीत कमी 5 असते. पोच नसेल तर बदलीचा कागद आल्यावर दाखवायला हातात काही उरत नाही.

बाहेरच्या पुढाऱ्यांबद्दल तुम्ही बरंच लिहिलंय. त्यावर वाद घालायची मला गरज वाटत नाही. 10 टक्क्यांची दुरुस्ती मूळ लेखात आज दुपारी केली आहे.