साठ रुपयांची डमी

जीप देताना मामांनी बजावलं होतं, ‘कूलंट-बिलंट सगळे चोचले. बोअरचं पाणी घालायचं.’ त्यांनी जन्मभर तेच घातलं. त्याचं फळ यंदाच्या एप्रिलात माझ्या पार्किंगमध्ये ठिबकू लागलं.

मेकॅनिक जीपखाली सरकला, टॉर्च मारला आणि आतूनच ओरडला, “डमी गेलीय!” इंजिनच्या ब्लॉकला गोल भोकं असतात, त्यांत ठोकून बसवलेली पत्र्याची वाटी म्हणजे डमी. किंमत साठ रुपये. मी ऐटीत पाकीट काढलं.

“पण साहेब, मागची गेलीय. फ्लायव्हीलच्या आड. गिअरबॉक्स उतरवायला लागंल.”

पाकीट परत खिशात गेलं.

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचे काका आलेच. निवृत्त इंजिनिअरला उघडं बॉनेट कसं कळतं कोण जाणे. “हा फ्रीझ प्लग,” काका म्हणाले. “थंडीत पाणी गोठून फुगलं की हा उडतो आणि ब्लॉक वाचतो.” हे हडपसरमध्ये, पारा चाळिशीला टेकलेला असताना.

“तसं नाय काका,” मेकॅनिक म्हणाला. त्याचा भाऊ कोल्हापूरला शिरोलीत फाउंड्रीत आहे. ब्लॉक ओतताना पाण्याच्या वाटा राहाव्यात म्हणून आत वाळूचे कोअर धरतात. मागाहून ती वाळू याच भोकांतून काढायची आणि भोकं बुजवायची. लडाखात एखादी डमी उडालीच तर ब्लॉकचं नशीब. हमी कोणाचीच नाही.

काका हटेनात. पाणी गोठताना नऊ टक्के फुगतं म्हणजे फुगतं! मेकॅनिक म्हणाला, ओतलेलं लोखंड थिजून गार होताना उलट आकसतं, म्हणून तर पॅटर्न, म्हणजे साचा पाडायचा नमुना, एक टक्का मोठा करतात. मीही थिजलेल्या खोबरेलाच्या मधोमध पडणाऱ्या खळग्याचा दाखला दिला. बहुतेक पदार्थ थिजले की अंग चोरतात. पाणी, बिस्मथ, सिलिकॉन अशी मोजकीच मंडळी उलट्या काळजाची. एवढ्या ज्ञानचर्चेत थेंब एकही थांबला नाही.

संध्याकाळी डमी हाती आली. बाहेरून रंग शाबूत, आतून नुसता गंज. अंगठा दाबला तर आरपार गेला. मेकॅनिकने पितळेची बसवली, कूलंट भरलं आणि मजुरीचा आकडा शक्य तितक्या हळू आवाजात सांगितला.

रात्री काकूंचा आवाज मात्र तिसऱ्या मजल्यावरून थेट पार्किंगपर्यंत आला. काकांनी आम्हाला पुरावा दाखवायला काचेची बाटली काठोकाठ भरून, बूच घट्ट लावून फ्रीझरमध्ये ठेवली होती. ते नऊ टक्के काचांसकट काकूंच्या आमरसात शिरले होते.