काढ्यात गूळ घाला आणि गोळ्या बंद करा म्हणे!

परवा माहेरच्या ग्रुपवर तो मेसेज परत पडला. चार-पाच वर्षांनी तोच, शब्दाला शब्द, फक्त वरती "नवीन व्हायरस आलाय" एवढं चिकटवलंय. ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. शुगरवाल्यांची इम्युनिटी शून्य असते, ती गोळ्या आणि इन्शुलिनमुळेच मरते, म्हणून साथीत २१ दिवस औषधं बंद करा, त्याऐवजी दिवसातून तीनदा गूळ घातलेला काढा प्या, गूळ नैसर्गिक आहे त्याने शुगर वाढत नाही, काढ्याला साइड इफेक्ट नाही, काळी बुरशी मास्कमुळे झाली होती आणि लस शुगरवाल्यांना चालत नाही. खाली नेहमीचं, दहा जणांना पाठवा, एक जीव वाचेल.

मी डॉक्टर नाही. नाशिकला राहते, मला बारा वर्षं शुगर आहे, सासऱ्यांना पंचवीस, आणि २०२१ चा एप्रिल आमच्या घरानं याच मेसेजच्या नादात काढलाय, त्यामुळे ग्रुपवर गप्प बसवलं नाही. तिथे लिहिलं ते सगळं इथे एकत्र टाकते.

आधी ते "इम्युनिटी शून्य". यात अर्धं खरं आहे आणि म्हणूनच लोक घाबरतात. शुगर असलेल्यांना कोविड जास्त जड गेला हे खोटं नाही, इंग्लंडमध्ये २०२० च्या पहिल्या लाटेत हॉस्पिटलमध्ये कोविडने गेलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांना मधुमेह होता. पण सगळ्या शुगरवाल्यांना धोका सारखा नव्हता. वय, किडनी, हार्ट, वजन आणि मागच्या तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारं ते एचबीएवनसी, यावर बरंच अवलंबून होतं. रक्तात साखर खूप झाली की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सुस्तावतात, साखर आटोक्यात आली की परत कामाला लागतात. म्हणजे यात आपल्या हातात काहीतरी आहे, आणि मेसेज नेमकं तेच हातातून काढून घ्यायला सांगतोय.

आता ते "इम्युनिटी वाढवा". हा शब्द २०२० पासून बिस्किटापासून पोळीपर्यंत सगळ्यावर छापून आला, मला तर आता ऐकला तरी चिडचिड होते. इम्युनिटी म्हणजे काय मोबाईलची बॅटरी आहे का, चार्जिंगला लावली आणि १०० टक्के झाली? कोविडमध्ये जे पेशंट फार सिरियस झाले त्यातल्या कितीतरी जणांचं शरीर व्हायरसपेक्षा स्वतःच्याच भडकलेल्या प्रतिकाराने पोळलं. म्हणून तर जून २०२० मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी नावाच्या औषध-चाचणीतून जे साधं स्वस्त औषध पुढे आलं, डेक्सामिथासोन, ते इम्युनिटी वाढवणारं नाही तर दाबणारं औषध आहे. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमध्ये मृत्यू एक तृतीयांशाने कमी झाले, नुसत्या ऑक्सिजनवरच्यांमध्ये एक पंचमांशाने, आणि ज्यांना ऑक्सिजनच लागत नव्हता त्यांना काही फायदा दिसला नाही. हे शेवटचं लक्षात ठेवा, काळ्या बुरशीपाशी परत लागणार आहे.

गुळाचं आता. गूळ नैसर्गिक आहे, मान्य. ऊसही नैसर्गिक आहे आणि त्याच उसाची साखरही होते. गुळात थोडं लोह, थोडी खनिजं असतात पण बाकी बहुतेक साखरच, रक्ताला त्याचा रंग पिवळा की पांढरा ते कळत नाही. आमच्याकडे काय झालं, सासरे सकाळ-दुपार-संध्याकाळ काढा घ्यायला लागले, आलं, दालचिनी, मिरी, तुळस, आणि कपाला दोन चमचे गूळ कारण त्याशिवाय घशाखाली उतरत नाही. हिशोब करा, चमच्याला ५ ग्रॅम धरले तरी दिवसाला ३० ग्रॅम गूळ, आणि हा माणूस पंचवीस वर्षं चहात साखर घालत नाही! त्यात रात्रीची गोळी गुपचूप बंद केलेली, उशीखाली पाकीट सापडलं मला. आठव्या दिवशी सारखी लघवी, तोंडाला कोरड, सगळे म्हणाले ऊन आहे, एप्रिल आहे. मी सहज बोटाला सुई टोचली तर मशीनवर ३८४. जेवायच्या आधी. कोविड झालेलाच नव्हता त्यांना, नुसत्या कोविडच्या भीतीने शुगर ३८४.

गंमत म्हणजे आयुष मंत्रालयानं २०२० मध्ये जी पत्रकं काढली त्यातसुद्धा च्यवनप्राशच्या ओळीपुढेच लिहिलं होतं, मधुमेहींनी शुगर फ्री घ्यावा. मेसेज बनवणाऱ्यानं काढा उचलला, ही ओळ सोडली.

आणि मधवाल्यांनो, मध पण तेच. खजूर पण.

मग तो सगळ्यात घातक मुद्दा, गोळ्या-इन्शुलिन बंद करा. बाकी मेसेज थापा म्हणून सोडून देता येईल, हा नाही. इन्शुलिन इम्युनिटी मारत नाही, ते आपल्याच शरीरात बनणारं हार्मोन आहे, ज्यांच्यात बनत नाही किंवा पुरत नाही त्यांना बाहेरून द्यावं लागतं. टोरांटोत १९२१ साली बँटिंग आणि बेस्ट यांनी ते वेगळं काढलं, जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा टोचलं, त्याआधी टाइप वन, म्हणजे ज्यात शरीर इन्शुलिन जवळजवळ बनवतच नाही तो मधुमेह, झालेली पोरं उपाशी ठेवून जेमतेम काही महिने-वर्षं जगवायचे. त्याला शंभर वर्षं होत होती तेव्हाच आपल्याकडे इन्शुलिन बंद करा म्हणून मेसेज फिरत होते. टाइप वनवाल्यानं इन्शुलिन पूर्ण बंद केलं तर २१ दिवस लांबच, एक-दोन दिवसांत किटोअ‍ॅसिडोसिस (रक्त आम्लधर्मी होणं) होऊन आयसीयूत जायची वेळ येते. आणि आजारपणात उलट इन्शुलिन जास्त लागू शकतं, कारण तापात, इन्फेक्शनमध्ये शरीर स्वतःच साखर वाढवतं, जेवलं नाही तरी. "खाल्लंच नाही तर इन्शुलिन कशाला" हे आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं, ते इथे अंगाशी येतं.

मेटफॉर्मिन या शुगरच्या नेहमीच्या गोळीने किडनी जाते हेही त्याच मेसेजचं भावंडं. किडनी खराब करते ती वर्षानुवर्षं वाढलेली शुगर आणि बीपी. किडनी आधीच कमजोर असेल तर डॉक्टर मेटफॉर्मिनचा डोस कमी करतात किंवा बंद करतात, लोकांनी ते उलटं वाचलं.

हां, एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. आजारपणात काही गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागतात हे खरं आहे. उलट्या-जुलाब होत असतील, पाणी पोटात राहत नसेल तर मेटफॉर्मिन, आणि नावाच्या शेवटी "ग्लिफ्लोझिन" असलेल्या गोळ्या, डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन वगैरे, कारण त्यांच्यामुळे कधी कधी शुगर फार न वाढताही किटोअ‍ॅसिडोसिस होतो. पण ते थांबवायचं डॉक्टरला फोन करून, आणि परत कधी चालू करायचं हेही विचारून. आपण बरे असताना भीतीपोटी सगळंच बंद करणं वेगळं. तापाच्या दिवसात चार-सहा तासांनी शुगर बघा, पाणी प्या, ७० च्या खाली गेली तर लगेच साखर खा (हो, तेव्हा गूळही चालेल, तेवढाच एक चान्स आहे त्याला).

साइड इफेक्ट नाही म्हणे. ज्येष्ठमध रोज भरपूर घेतलं तर बीपी वाढतं आणि पोटॅशियम उतरतं. गुळवेलीचा काढा महिनोन्महिने पिऊन लिव्हरला सूज आलेल्या पेशंटची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनीच केली, आयुष मंत्रालयाला ती पटली नाही, वाद झाला, पण निदान रोज लोटाभर प्यायच्या आधी माणसानं थांबावं इतकं तरी त्यातून घ्या. व्हिटॅमिन सीचे मोठे डोस घेतले तर काही ग्लुकोमीटर चुकीचं रीडिंग दाखवतात, हे तर मलाही उशिरा कळलं.

काळ्या बुरशीवर थोडं जास्त बोलते कारण आम्ही कांद्याच्या जिल्ह्यातले. तेव्हा मास्कच्या जोडीला अजून एक मेसेज होता, कांद्यावरची काळी पूड म्हणजेच ती बुरशी. लासलगावच्या मार्केटात ज्यांचं आयुष्य गेलं ते सगळे मग आजारी नको पडायला? कांद्यावरची ती अ‍ॅस्परजिलस नावाची बुरशी, आणि आजारवाली काळी बुरशी म्हणजे म्युकर, ती वेगळी. म्युकरचे कण माती-हवेत सगळीकडे असतात, निरोगी माणसाला काही करत नाहीत. २०२१ च्या मे महिन्यात ती इतकी का फोफावली, तर वाढलेली शुगर, वरून कोविड आणि त्यावर गरज नसताना किंवा जास्त दिवस घेतलेलं स्टिरॉइड. म्हणजे तेच डेक्सामिथासोन, जे ऑक्सिजन न लागणाऱ्याला उपयोगाचं नव्हतं, ते लोक दुसऱ्याच्या प्रिस्क्रिप्शनचा फोटो बघून पहिल्या दिवसापासून घरी खात होते. स्टिरॉइड शुगर झपाट्याने वर नेतं आणि प्रतिकार दाबतं, बुरशीला अजून काय हवं? एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया स्टिरॉइडचा गैरवापर थांबवा म्हणून सांगत होते, महाराष्ट्र आणि गुजरातमध्ये सगळ्यात जास्त पेशंट होते, आणि अ‍ॅम्फोटेरिसिन बी या बुरशीवरच्या औषधाच्या इंजेक्शनसाठी माणसं शहरं पालथी घालत होती. मास्कचा यात संबंध सिद्ध झालेला नाही, तरी मळका मास्क धुवायला काय जातं. लक्षात ठेवायचं ते हे: एका बाजूचा गाल दुखणं-सुजणं, दात हलणं, नाकातून काळपट येणं, डोळा दुखणं, एकाचे दोन दिसणं. यातलं काही झालं तर त्याच दिवशी डॉक्टर.

लसीचं एका वाक्यात उरकते. १ मार्च २०२१ ला साठीच्या पुढच्यांना लस सुरू झाली तेव्हा ४५ ते ५९ मधल्या ज्यांना आजार होते त्यांनाही सोबत घेतलं, आणि त्या यादीत जुना मधुमेह होता, म्हणजे "चालत नाही" ऐवजी यांना आधी द्या असं होतं.

सासरे आता ठीक आहेत. ३८४ नंतर डॉक्टरांनी इन्शुलिन लावलं, ते अजून चालू आहे, वहीत रोज स्वतःच्या हाताने आकडा लिहितात. काढा काही सोडला नाही, बिनगुळाचा पितात, तोंड वाकडं करून. काल माझा ग्रुपवरचा मेसेज पूर्ण वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "खजुराचं लिहिलंयस ते ठीक, पण अंजिराचं काही लिहिलं नाहीस सूनबाई."